नायलॉनच्या पट्ट्याला मनाजोगता रंग

मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची आणि पौषात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरते, तेव्हा माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी मुलखातील खिलार जनावरांचा जो मोठा बाजार तेथे जमतो, त्याच्या कडेला जनावरांच्या साजाची एक स्वतंत्र पेठच उभी राहिलेली असते. पूर्वी या पेठेत सुताचे गोंडे, लोकरीच्या माळा, अंबाडीची दावी आणि चामड्याचे पट्टे असत. आता त्यांतील बहुतेकांची जागा नायलॉनने आणि नायलॉनसारख्या दिसणाऱ्या त्याच्या भाईबंदांनी घेतली आहे. म्होरकी नायलॉनची, कासरा नायलॉनचा, घुंगरे ज्या रुंद पट्टीवर शिवायची ती पट्टीही नायलॉनचीच. रंग मात्र मोजके: भगवा, पोपटी, गुलाबी, पिवळा आणि एक डोळ्यांत भरणारा निळा. एखादा हौशी शेतकरी आपल्या कोशा खोंडाच्या झुलीला शोभेल अशी डाळिंबी म्होरकी मागू लागला, तर दुकानदार मान हलवतो आणि सांगतो की, नायलॉनला वरून रंग लागत नाही, तो कारखान्यातूनच यावा लागतो.

ही समजूत केवळ जनावरांच्या साजापुरती नाही. दप्तराचे बंद, मनगटी घड्याळाचा विणलेला पट्टा, कॅमेऱ्याचा पट्टा, कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा, लोखंडी खाटेची नवार, या सगळ्यांच्या बाबतीत ग्राहक आणि विक्रेता दोघेही तीच गोष्ट गृहीत धरून चालतात. समजूत अर्धी खरी आहे, आणि अर्ध्या खऱ्या समजुती पूर्ण खोट्या समजुतींपेक्षा अधिक काळ टिकतात. बाजारात नायलॉन म्हणून जे विकले जाते त्यातला पुष्कळसा माल नायलॉन नसतोच, आणि त्याला खरोखरच वरून रंग लागत नाही. परंतु अस्सल नायलॉन इतका मनापासून रंग घेते की, पातेले, शेगडी, व्हिनेगर आणि योग्य जातीचा रंग एवढ्या सामग्रीवर कोणत्याही घराच्या परसात त्याला हवी ती छटा देता येते. हे कसे घडते ते समजून घेण्याजोगे आहे. कारण ते समजले की कृती आपोआप हाती येते आणि कोठे थांबायचे तेही कळते.

नायलॉनचा जन्म परदेशातला. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स या प्रतिभावान रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली २८ फेब्रुवारी १९३५ रोजी ते प्रथम तयार झाले, आणि त्याची जाहीर घोषणा १९३८ च्या ऑक्टोबरात झाली तेव्हा कॅरोदर्स हयात नव्हता. त्याच १९३८ साली जर्मनीत पाउल श्लाक याने कॅप्रोलॅक्टम या एकाच द्रव्यापासून नायलॉनचा दुसरा प्रकार सिद्ध केला. पहिल्याला नायलॉन ६६ आणि दुसऱ्याला नायलॉन ६ म्हणतात. आपल्या देशात धाग्यासाठी मुख्यतः दुसऱ्याचाच प्रसार झाला. दात घासण्याच्या कुंचल्याचे केस आणि स्त्रियांचे पायमोजे यांतून हा धागा घरोघर पोचतो न पोचतो तोच दुसरे महायुद्ध आले आणि सगळे नायलॉन हवाई छत्र्यांकडे आणि दोरखंडांकडे वळले.

आपल्याकडे या धाग्याचा संबंध सातारा-सांगलीशी फार निकटचा आहे. गरवारे उद्योगसमूहाचे संस्थापक भालचंद्र दिगंबर ऊर्फ आबासाहेब गरवारे यांचा जन्म तासगावचा. हे तासगाव इंग्रजी अमलात सातारा जिल्ह्यात होते, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले आणि १९६० साली त्या जिल्ह्याचेच नाव सांगली झाल्यावर सांगलीचे झाले. आबासाहेबांनी पुण्याजवळ पिंपरीला नायलॉनच्या धाग्याचा कारखाना उभा केला. पुढे १९७६ साली त्यांच्या समूहाची गरवारे-वॉल रोप्स ही दोर आणि जाळी बनवणारी कंपनी निघाली, आणि तिचा एक मोठा कारखाना वाईला, कृष्णेच्या खोऱ्यात, आला. तीच कंपनी २०१८ पासून गरवारे टेक्निकल फायबर्स या नावाने चालते. म्हणजे कृत्रिम धागा हा या मुलखाला परका विषय नाही. तो ओढणारी, वळणारी आणि विणणारी माणसे येथलीच आहेत. रंगवणारी माणसे मात्र त्या मानाने थोडी, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे. कारण एकेकाळी प्रत्येक कसब्यात रंगाऱ्याचे आणि निळाऱ्याचे घर असे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. रंगाच्या दृष्टीने नायलॉन हे कापसाच्या कुळातले नव्हे, लोकरीच्या आणि रेशमाच्या कुळातले आहे. लोकर आणि रेशीम ही प्रथिने. त्यांच्या लांबलचक रेणूंत जो नत्रयुक्त सांधा पुन्हापुन्हा येतो, त्याला रसायनशास्त्रात अमाइड म्हणतात, आणि नेमका तोच सांधा माणसाने आपल्या बुद्धीने नायलॉनमध्ये घातला आहे. या रेणूसाखळीच्या टोकांशी अमाइन नावाचे गट असतात. पाणी किंचित आंबट केले की हे गट पाण्यातील आम्लाचा अंश उचलतात आणि धनभारित होतात. आम्लरंग या वर्गातील रंगद्रव्यांचे रेणू पाण्यात विरघळले की ऋणभारित असतात. विरुद्ध भारांचे आकर्षण होते, रंगाचा रेणू धाग्याच्या आत शिरून त्या टोकाला जाऊन चिकटतो आणि तेथेच राहतो. हा रंग धाग्यावर चढवलेला लेप नव्हे. धाग्याच्या अंगात भिनून, त्याच्याशी रासायनिक बंधाने जखडलेला असा तो असतो, म्हणूनच नखाने खरवडून तो निघत नाही आणि धुण्याला टिकतो.

कापसाचे तसे नाही. साडीला किंवा सदऱ्याला रंग देण्यासाठी किराणा दुकानात जी पुडी मिळते, ती बहुधा कापसासाठी असते आणि तिच्यावर मीठ घालून उकळण्याची सूचना असते. मीठ कापसाला रंग घ्यायला मदत करते, पण नायलॉनला हवे असते आम्ल. त्या पुडीत नायलॉनचा पट्टा बुडवून जो निराश होतो, तो दोष पट्ट्याला देतो; वस्तुतः दोष पुडीच्या निवडीचा असतो. मागायचा तो रंग ‘ॲसिड रंग’, म्हणजे लोकर-रेशमाचा. पैठणीचे रेशीम आज ज्या रंगांत बुडते, त्याच वर्गातला.

लोकरीत आणि नायलॉनमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे, आणि रंगवणाऱ्याची खरी परीक्षा त्या फरकात होते. लोकरीत रंगाला बसायच्या जागा विपुल असतात. नायलॉनमध्ये त्या तिच्या पंधरा-वीस पटींनी कमी. त्यामुळे एका पातेल्यात दोन रंग मिसळून तिसरी छटा काढायला गेले, तर साताऱ्याच्या स्टँडवर गर्दीच्या वेळी एस.टी. लागताच चपळ उतारू आत शिरून जागा धरतात आणि मागचे ताटकळत राहतात, तसेच काहीसे होते: लहान आणि चपळ रेणूंचा रंग आधी जाऊन जागा अडवतो, आणि जड रेणूंचा रंग पाण्यात तसाच राहतो. निळा आणि पिवळा समसमान घालूनही हिरवा न होता पट्टा पोपटी पिवळा निघतो, तो यामुळे. याकरिता मिश्रण करायचे तर एकाच कारखान्याच्या, एकाच मालिकेतील रंगांचे करावे, कारण ते सारख्या वेगाने चढतील अशा बेताने निवडलेले असतात. आणि शक्य असेल तेथे हवी ती छटा तयारच विकत घ्यावी.

पण या सगळ्याच्या आधी हातात आहे ते नायलॉनच आहे याची खातरजमा केली पाहिजे. बाजारात पट्ट्यांच्या तीन जाती मुख्य: नायलॉन, पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन. दिसायला तिघे जवळजवळ सारखे; गुण मात्र अगदी भिन्न. पॉलिप्रॉपिलीन पाणी यत्किंचितही पीत नाही, आणि जेथे पाणी शिरत नाही तेथे पाण्यातला रंगही शिरत नाही. म्हणून त्याचा रंग धागा ओढण्यापूर्वीच, वितळलेल्या द्रव्यात, कालवलेला असतो. स्वस्त कासरे आणि दावी यांच्या पुष्कळ मालाचे रंग असेच. पॉलिएस्टर रंग घेते, पण त्याचा रंग निराळ्या वर्गाचा, आणि तो नीट शिरण्यासाठी बंद भांड्यात दाबाखाली सुमारे १३० अंशांची उष्णता लागते. ते घरगुती काम नव्हे. नायलॉन मात्र साध्या हवेतही आपल्या वजनाच्या सुमारे चार टक्के ओलावा धरून असते, आणि त्याची ही तहान हेच त्याच्या रंगग्राहकतेचे एक कारण आहे. दुकानदाराची समजूत अर्धी खरी म्हटली ती यासाठी: तो पॉलिप्रॉपिलीनचा अनुभव नायलॉनच्या नावावर मांडत असतो.

तिघांना ओळखण्याची एक सोपी रीत आहे. तिला मीठ, साबण आणि पाणी यांखेरीज काही लागत नाही. पट्ट्याच्या कापलेल्या टोकाचे चार धागे उसवून घ्यावेत, साबणाच्या पाण्यात चांगले चुरगाळावेत म्हणजे त्यांतली हवा निघून जाते, आणि मग ते साध्या पाण्याच्या पेल्यात सोडावेत. तरंगले तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्याची घनता पाण्याहून कमी, ०.९१ च्या आसपास असते. बुडाले तर दुसऱ्या पेल्यात, ज्यात आणखी मीठ विरघळणार नाही इतके मीठ घातले आहे, ते सोडावेत. अशा तृप्त मिठाच्या पाण्याची घनता १.२ च्या जवळ असते, नायलॉनची १.१४ आणि पॉलिएस्टरची १.३८. साहजिकच नायलॉन वर येते आणि पॉलिएस्टर तळाला बसते. धागा जाळून वासावरून जात ओळखण्याची पद्धतही जुनी आहे; पण वितळलेला थेंब बोटावर पडला तर खोल भाजतो, तेव्हा मुलाबाळांच्या घरात पेल्यांची रीतच बरी.

रंगवायला पांढरी, बिनरंगी नवार घ्यावी. पूर्वी रंगवलेल्या पट्ट्यावर दुसरा रंग चढवला तर दोहोंची बेरीज होते, गडदावर फिका कधीच चढत नाही, आणि काळ्याला तर काहीच करता येत नाही. नव्या नवारीवर विणताना लावलेले तेल असते. ते कोमट पाण्यात सौम्य साबणाने, बोटांनी चोळून, पुरते काढले पाहिजे. जेथे तेलाचा डाग राहतो तेथे रंगाचा डाग उमटतो. बक्कले काढून ठेवावीत. मग पट्टा ओलाच ठेवावा, कारण कोरडा पट्टा रंगात टाकला की पाणी कोठे आधी आणि कोठे मागाहून शिरते, व पट्ट्यावर ढग दिसतात.

शंभर ग्रॅम वजनाच्या नवारीला साधारण चार लिटर पाणी धरावे, म्हणजे ती मोकळी फिरते. मध्यम गडद छटेला एक ग्रॅम रंग पुरतो. फिक्या छटेला त्याचा दहावा हिस्साही पुष्कळ होतो, आणि काळ्याला चार-पाच ग्रॅम लागतात. रंगाची भुकटी आधी वाटीभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, फडक्यातून गाळून मगच पातेल्यात ओतावी, नाहीतर न विरघळलेला एक कणसुद्धा पांढऱ्या नवारीवर ठिपका काढून ठेवतो. पातेले स्टेनलेस स्टीलचे हवे. तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम रंगाची छटा बिघडवतात. आणि जे पातेले एकदा रंगाला वापरले ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये, या बाबतीत मी कोणतीही सवलत देऊ इच्छित नाही. भुकटी हाताळताना नाकातोंडाला रुमाल आणि हातांत रबरी मोजे असावेत.

पाण्याकडे या भागात विशेष लक्ष दिले पाहिजे. जत, आटपाडी, माण या बाजूच्या विंधनविहिरींचे पाणी जड असते. त्यातील चुन्याचे क्षार साबणाशी आणि रंगाशी संयोग पावतात आणि रंगाला मळकटपणा येतो. साठवलेले पावसाचे किंवा गाळणीयंत्राचे पाणी मिळाले तर रंग स्वच्छ उघडतो.

पातेले कोमट असतानाच पट्टा आत सोडावा आणि आच इतकी मंद ठेवावी की उकळीच्या जवळ यायला अर्धा ते पाऊण तास लागेल. साठ अंशांपर्यंत फारसे काही घडत नाही. नायलॉनचे रेणू अद्याप दाटीवाटीने बसलेले असतात. साठ ते ऐंशीच्या दरम्यान ते सैल होतात आणि धागा एकदम, अधाशीपणाने, रंग ओढू लागतो. नेमकी हीच वेळ हात न थांबवता पट्टा सतत हलवत राहण्याची. याच सुमारास व्हिनेगर घालावे, चार लिटरला अर्धा पेला, आणि तेही एकदम नव्हे, दोन हप्त्यांत. आम्ल जितके हळू वाढेल तितका रंग सारखा चढेल. मग उकळी फुटायच्या बेतात पाणी ठेवून आणखी अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. या काळात पातेल्यात जे दिसते ते ज्याने एकदा पाहिले त्याला या कामाची गोडी लागल्यावाचून राहत नाही. पळीभर पाणी पांढऱ्या बशीत घेऊन पाहावे: पहिल्यांदा ते शाईसारखे असते, वीस मिनिटांनी कोकमाच्या सरबताइतके होते, आणि शेवटी शेवटी बशीच्या तळाची नक्षी त्यातून स्वच्छ दिसते. रंग कोठे गेला असेल त्याचा निवाडा पट्ट्याकडे पाहून होतो. आच काढल्यावर पट्टा पाण्यातच हळूहळू निवू द्यावा. गरम पट्टा एकदम थंड पाण्यात बुडवला तर सुरकुत्या कायमच्या पडतात. उकळीत नवार थोडी आखडतेही, तेव्हा मापाला कापायची ती रंगवून झाल्यावर कापावी.

तयार शिवलेला पट्टा रंगवला तर एक गमतीची गोष्ट पाहायला मिळते. पट्टा डाळिंबी होतो आणि त्याच्यावरची शिवण पांढरीशुभ्र राहते, कारण शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो. ज्या प्रयोगासाठी आपण मिठाचे पाणी केले, तोच प्रयोग जणू एकाच पट्ट्यावर टाक्याटाक्याने लिहिलेला दिसतो. काहींना ही पांढरी शिवण खटकते. मला ती साजिरी वाटते.

जाड नवारीचा प्रश्न निराळा. कापडापेक्षा तिची वीण घट्ट, धागे जाड; रंग बाहेरच्या थरात आधी बसतो आणि गाभा फिका राहतो. असा पट्टा नवा असताना सुंदर दिसतो, पण कडा घासल्या की आतला पांढरेपणा उघडा पडतो. यावर उपाय वेळ हाच आहे: उष्णता हळू चढवणे आणि शेवटचा काळ लांबवणे, म्हणजे बाहेर बसलेला रंग सुटून आत सरकायला अवसर मिळतो. तुकडा आडवा कापून त्याचा छेद पाहावा; गाभ्यापर्यंत रंग दिसला तरच काम झाले असे समजावे. कारखान्यांत याखेरीज शेवटी सिंटॅन नावाच्या द्रव्याचा हात देतात, त्यामुळे धुण्यात रंग सुटत नाही. घरगुती कामात गडद रंगाचा पट्टा पहिल्या दोन-तीन वेळा वेगळा धुतला तरी भागते.

सांगलीकराला येथे हळदीची आठवण झाल्यास नवल नाही. ज्या गावाची हळदपेठ देशभर नामांकित, ज्याच्या शेजारी हरिपुरात हळद साठवायची जमिनीतली पेवे पिढ्यान्‌पिढ्या नांदली आणि ज्याच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेथे रंगाची पुडी बाहेरून कशाला आणायची? हळदीतला पिवळा रंग, म्हणजे कुरकुमिन, नायलॉनवर खरोखरच चांगला बसतो. गरम पाण्यात हळद कालवून पट्टा तासभर ठेवला तर पिवळाधमक होतो, आणि पालच्या खंडोबाच्या यात्रेत घामेजल्या खांद्यावरच्या पिशव्यांचे बंद भंडाऱ्याने पिवळे पडतात ते याच गुणामुळे. तथापि हा रंग कच्चा. कडक उन्हात तो थोड्या दिवसांत उडतो, आणि साबणाचा क्षार लागताच तांबूस होतो. हळदीपासून कुंकू करताना क्षार घालून जी लाली आणतात, तिचे मूळ ह्याच गुणधर्मात आहे. मुलांना रसायनशास्त्राची गोडी लावायला हळदीचा पट्टा उत्तम, वर्षभर वापरायला मात्र आम्लरंगाचाच घ्यावा.

छटा जुळवण्याचे काम शास्त्राइतकेच नजरेचे आहे. ओला पट्टा नेहमी गडद दिसतो, म्हणून तुकडा वाळवून मगच पसंत करावा. आणि तो दिवसाच्या उजेडात पाहावा. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर काय किंवा सांगलीच्या पेठेत काय, जाणत्या बायका साडी हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर येतात आणि मग पदर-काठ जुळतात का ते बघतात. त्यांना कोणी प्रकाशशास्त्र शिकवलेले नसते, पण दोन भिन्न रंगद्रव्यांनी बनलेली एकच छटा नळीच्या दिव्याखाली जुळते आणि उन्हात फुटते, हे त्यांच्या अनुभवाचे असते. झुलीला म्होरकी जुळवणाऱ्याने हीच रीत पाळावी, कारण बैलांच्या सणाची, बेंदराची, मिरवणूक मोकळ्या आभाळाखाली निघते.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ज्या पट्ट्यावर जीव टांगलेला असतो तो पट्टा कोणीही, कितीही हौसेने, घरी रंगवू नये. पाचगणीच्या पठारावरून हवाई छत्रीने उड्या घेणाऱ्यांचे कमरपट्टे, सह्याद्रीच्या कड्यांवर चढणाऱ्यांचे दोर आणि फासे, उंच इमारतीवर काम करणाऱ्या मजुराचा सुरक्षापट्टा, मोटारीतील आसनपट्टा, हे सर्व ठरावीक भार सोसण्याच्या हमीवर विकले जातात, आणि त्या हमीत घरगुती उकळी आणि अनोळखी रंग यांना जागा नसते. सौम्य व्हिनेगरने नायलॉनचे फारसे बिघडत नाही हे खरे. परंतु तीव्र आम्लात ते विरघळते, फॉर्मिक आम्लात तर पाहता पाहता, आणि बाजारातल्या निनावी पुडीत काय आहे हे सांगता येत नाही. उष्णतेने वीण आखडते, ताण झेलण्याची लवचिकता बदलते, आणि हा बदल डोळ्यांना दिसत नाही. पट्ट्यावर जीव टांगणे म्हणजे काय हे ज्या मुलखाने घरोघर सैनिक दिले त्या मुलखाला निराळे सांगायला नको. बांगलादेशच्या युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी तंगाईलला हवाई छत्र्यांनी आकाशातून उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठा पलटणच. अशा पट्ट्यांवर ओळखीसाठी खूण हवी असेल तर कारखान्याने परवानगी दिलेली रंगीत फीत बांधावी, आणि तेवढ्यावर समाधान मानावे.

जनावराच्या बाबतीतही थोडा विवेक हवा. म्होरकी, गळ्यातला पट्टा, घुंगरांची पट्टी खुशाल रंगवावी, पण ती अनेक पाण्यांनी, पाणी अगदी निवळ येईपर्यंत, धुवावी. जनावर अंग चाटते. वेसण मात्र सुताचीच असावी असे माझे स्पष्ट मत आहे. नायलॉनचा बारीक दोर ताणला गेला की नाकपुडीची कातडी कापतो, आणि त्याला कितीही देखणा रंग दिला तरी ती जखम झाकत नाही.

उरलेल्या पाण्याचा बंदोबस्त हाही या कामाचाच भाग समजला पाहिजे. आम्लरंगाची खुबी अशी की नीट केलेल्या कामात जवळजवळ सगळा रंग धाग्यात जातो आणि पाणी निवळ उरते. पातेल्यात गडद पाणी शिल्लक राहिले तर रंग जास्त पडला किंवा व्हिनेगर कमी पडले असे ओळखावे, व ते पाणी फेकण्याऐवजी त्यात दुसरा तुकडा रंगवून घ्यावा. शेवटच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून आंबटपणा मारावा आणि भरपूर पाण्याबरोबर ते मोरीत सोडावे. विहिरीजवळ, ओढ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात कदापि नाही. इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीजवळ पंचगंगेची काय अवस्था झाली ते आपण पाहिले आहे, आणि ती पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेलाच मिळते. क्रोमियमच्या क्षाराने पक्के करायचे जुन्या पद्धतीचे रंग अजूनही कोठे कोठे मिळतात. पोटॅशियम डायक्रोमेट घालायला सांगणारी कृती कोणी दिली तर ती सरळ नाकारावी, कारण तो क्षार विषारी असून कर्करोगकारकही आहे. काही अझो रंगांवर तर, त्यांतून घातक द्रव्ये सुटतात म्हणून, सरकारने १९९० च्या दशकातच बंदी घातलेली आहे. म्हणून सुट्या, नावगाव नसलेल्या पुडीपेक्षा कारखान्याचे नाव आणि रंगाचा क्रमांक छापलेली पुडी महाग पडली तरी घ्यावी.

शेवटचा शत्रू ऊन. माण-खटावच्या उन्हाळ्यात रंग तर उडतोच, पण नायलॉनचा धागाही अतिनील किरणांनी आतून झिजतो. रंगद्रव्यांच्या पुड्यांवर प्रकाशाला टिकण्याची प्रतवारी एक ते आठ अशा अंकांनी दिलेली असते; उघड्यावर वापरायच्या पट्ट्याला सहाच्या खालचा रंग घेऊ नये, आणि चमकदार गुलाबी, जांभळ्या छटा पुष्कळदा यात मागे पडतात हे ध्यानात ठेवावे. पट्टा फिका पडला, पण बोटांत वाकवल्यावर पूर्वीइतकाच मऊ आणि चिवट लागला, तर त्याला पुढच्या बेंदराआधी त्याच रंगात पुन्हा एक पाणी द्यायला हरकत नाही. तो कडक झाला असेल, वाकवताना करकरत असेल किंवा त्याच्या अंगावर तुटलेल्या तंतूंची लव उठली असेल, तर मात्र रंग वाया न घालवता नवी नवार घ्यावी.